मे महिन्यातली जपमाळ घरातच राहू द्या

महोदय,

नाताळ आणि नाशिकरोडच्या बाल येशूची फेब्रुवारीतली यात्रा, या दोन वेळी आपल्या वर्तमानपत्रात आम्हा ख्रिस्ती वाचकांची आठवण निघते. त्याचा आनंदच आहे. पण आमच्या घराघरांत रोज संध्याकाळी मणी ओढत जपमाळेची प्रार्थना होते ती मे महिन्यात, आणि तिची कुठे नोंद होत नाही. ती आता आमच्याच हातून निसटते आहे, म्हणून हे पत्र.

मे हा कॅथलिक परंपरेत पवित्र मरियेचा, म्हणजे येशूच्या आईचा महिना. युरोपात तो फुलांचा बहर असतो. आपल्या पंचांगातही चैत्र-वैशाख म्हणजे वसंतच, मग उन्हाने अंगाची लाही का होईना. मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर म्हटले होते. मरियेपुढे मोगऱ्याची ओंजळ ठेवताना मला ते नाव हमखास आठवते.

आमच्या लहानपणी महिनाभर मरियेची मूर्ती घरोघर फिरायची. आज आमच्याकडे, उद्या शेजारी. ऊन उतरले की ओट्यावर पाणी मारायचे, सतरंजी अंथरायची, पाटावर पांढरे कापड आणि त्यावर मूर्ती. पाच रहस्ये, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, प्रत्येक रहस्याला दहा वेळा ‘नमो मरिये’ ही प्रार्थना, मग मरियेला नाना नावांनी हाक मारणारी लितानी, एखादे गीत आणि शेवटी कैरीचे पन्हे. आजी पुढे म्हणायची, आम्ही मागे. ही प्रार्थना आम्हाला कुणी बसून शिकवली नाही, कानांवर पडून पडून ती तोंडात बसली. एके काळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. तेव्हाही साध्या माणसाची जपमाळ त्याच्या मायबोलीतच चालायची, हे विसरू नये.

कोरोनाच्या दिवसांत पोप फ्रान्सिस यांनी २५ एप्रिल २०२० रोजी पत्र लिहून मे महिन्यात घरी जपमाळ म्हणण्यातली गोडी पुन्हा अनुभवा, असे सांगितले होते. घराबाहेर पडता येत नव्हते, म्हणून आम्ही मोबाइलवर एकत्र आलो. त्याने कितीतरी एकट्या माणसांना धीर दिला. पण साथ सरली आणि आमच्या भागातली जपमाळ मात्र मोबाइलमध्येच राहिली. एक जण म्हणतो, बाकीचे आवाज बंद करून ऐकतात. मुले तर खोलीतही नसतात. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या नातवंडांना ‘हेल मेरी’ तोंडपाठ आहे, तीच प्रार्थना मराठीत, ‘नमो मरिये’, अर्ध्यावर अडते. त्यांच्या पणजीने आयुष्यभर ज्या शब्दांत देवाला हाक मारली, ते शब्द त्यांना परके वाटावेत याचे मला फार दुःख होते.

नाशिकमधली आमची बरीच कुटुंबे श्रीरामपूर, राहाता, नेवासे या बाजूची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आली आणि इथलीच झाली. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्याच यात्रेला गाव भेटते, बाकी वर्षभर शेजारच्या इमारतीत आपले कोण राहते हेही ठाऊक नसते. ते कळायचे या फिरत्या मूर्तीमुळे. २०२० च्या जूनमध्ये लितानीत ‘स्थलांतरितांचा दिलासा’ अशी मरियेची नवी हाक जोडली गेली. ती कानावर पडली की पत्र्याच्या खोलीत पहिला संसार मांडलेल्या माझ्या आईवडिलांची मला आठवण येते.

३१ मे रोजी मरियेने आपल्या नात्यातल्या एलिझाबेथची भेट घेतल्याचा सण असतो. ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’ हे शब्द एलिझाबेथने आपल्या घरी आलेल्या मरियेला म्हटले. मंदिरात नव्हे, घरात. तेच शब्द ‘नमो मरिये’त आपण रोज पन्नासदा म्हणतो, मग मरियेला घरी बोलवायला संकोच कसला?

फ्लॅटमध्ये जागा कमी, सोसायटीत आवाजाची अडचण, कामाच्या पाळ्या, सगळे मान्य. माइक नको, मांडव नको, दहा माणसेही पुरे. फादर आलेच पाहिजेत असेही नाही, जपमाळ कुणीही पुढे म्हणू शकतो. एखाद्या रहस्याची प्रार्थना मुलांकडे द्यावी, मराठीत, अडखळली तरी चालेल. ज्या वृद्धांना जिना उतरता येत नाही, त्यांच्याकडे मूर्ती सर्वांत आधी जावी.

आमच्या घरातली मूर्ती जुनी आहे, एका हाताचा रंग उडाला आहे. यंदा १ मेपासून ती फिरायला तयार आहे. पहिल्या संध्याकाळी आमच्याकडे या, पन्हे आम्ही करू.

– एक धर्मग्रामस्थ, नाशिकरोड