पाजी, तुमच्या ट्रकच्या सावलीबद्दल

पाजी, सत श्री अकाल.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. फोन नंबर मागितला तर "काय करणार घेऊन, फोनवरून हवा भरता येते काय?" म्हणून तुम्ही हसण्यावारी नेलंत. त्यामुळे हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. मराठी वाचता येतं हे तुम्हीच सांगितलंत. कळंबोलीत वाढलो, स्टील मार्केटच्या पाट्या वाचत वाचत शिकलो, म्हणालात. तेव्हा फिरत फिरत कधीतरी हे तुमच्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडेल, या भरवशावर लिहिते.

ओळख पटावी म्हणून सांगते. नेब्रास्का, आय-८०, नॉर्थ प्लॅटच्या जरा पुढचा ट्रक स्टॉप, जुलैमधली दुपार. इलिनॉयच्या नंबर प्लेटची पांढरी मोटरहोम, आत राहायची सोय असलेली गाडी. आणि तिच्या मागच्या चाकाजवळ घडीच्या खुर्चीत बसून स्वतःच्या पन्नाशीच्या मुलाला फैलावर घेणाऱ्या साताऱ्याच्या बाई. त्या माझ्या सासूबाई. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन आमच्यापुढून गेलाही होतात. मग "तुझ्या बापाचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला आणि तुला चाकातली हवा कळंना?" हे कानावर पडलं आणि तुम्ही गर्रकन वळलात.

"काय झालं मावशी?"

चार वाजता, शिकागोपासून सात-आठशे मैलांवर, आजूबाजूला मक्याच्या शेतांशिवाय काही नाही, अशा जागी हे मराठी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही बघितलं नसेल. तोपर्यंत तुम्ही गुडघ्यावर बसून चाकाला हात लावत होतात.

तुम्ही येण्याआधीचं थोडं सांगायला हवं, कारण ज्यांनी आम्हाला इथवर आणून सोडलं त्यांचीही आठवण ठेवलेली बरी. आमची गाडी फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरची. मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर, ट्रकसारखेच. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेर तोंड करून आणि बाहेरच्या टायरचा आत तोंड करून, त्यामुळे हवा भरायची म्हणजे चाकाच्या भोकातून हात घालून आंधळी कोशिंबीर. वर शोभेच्या चकचकीत स्टीलच्या थाळ्या. गाडी विकणाऱ्या डीलरने यावर उपाय म्हणून एक्स्टेन्डर बसवून दिले होते, जाळीदार स्टीलच्या लवचिक नळ्या, टोकं थाळीवर क्लिपने अडकवलेली. "आता गुडघे टेकायला नकोत, उभ्या उभ्या हवा भरा," असं म्हणाला होता. पैसेही उभ्या उभ्याच घेतले.

प्रवासात मागून काहीतरी वेगळं वाटतंय म्हणून आम्ही आयोवात एका टायरच्या दुकानात थांबलो. एकाने आधी "आम्ही मोटरहोमला हात लावत नाही" म्हणून सांगितलं. मग नवऱ्याने फार गळ घातली तेव्हा दुसरा आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पावती दिली. सहाही चाकांपुढे हवेचा दाब ८०, ८०, ८०. सुंदर अक्षरात. उजवीकडच्या आतल्या टायरची नळी क्लिपमधून सुटून थाळीच्या मागे गेली होती, तिथे हवा मोजायचा गेज लागणं शक्यच नव्हतं, हे पुढे तुम्ही थाळी काढल्यावर कळलं. ती पावती मी जपून ठेवली आहे. अशा अक्षराची माणसं पंचांग लिहायला हवीत.

आणि रस्त्यावर मदत देणारी जी कंपनी वर्षाची वर्गणी घेते, तिच्या फोनवरचं संगीत तुम्ही आलात तेव्हा चालूच होतं.

तुम्ही ट्रकमधून टॉमी, म्हणजे चाकाच्या कामाची लोखंडी पहार, आणलीत. बाहेरच्या टायरवर मारली, टण्ण. आतल्यावर मारली, भद्द. "बसलाय," सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. तुम्ही त्यांच्याकडे बघून मान डोलावलीत आणि म्हणालात, "मावशी बरोबर. पण टॉमीने फक्त मेलेला टायर कळतो, आजारी नाही." मग तो दोन तोंडांचा गेज काढलात, एक तोंड पुढे, एक मागे वळलेलं, म्हणजे भोकातून घातला की आतला आणि बाहेरचा दोन्ही व्हॉल्व्ह सापडतात. बाहेरचा ८६. आतला ४१.

या आकड्यांचा अर्थ तुम्ही नवऱ्याला जसा समजावलात तसा आजवर कुणीच समजावला नव्हता. आमच्या मापाचा टायर, २२५/७५ आर १६, लोड रेंज ई (म्हणजे वजन पेलण्याचा वर्ग), जोडीत असताना ८० पौंड हवेवर जास्तीत जास्त २,४७० पौंड वजन घेतो. भरल्या गाडीत एका बाजूच्या जोडीवर साडेचार हजारांच्या आसपास येतं. आतल्याने अंग काढून घेतलं की बाहेरचा बिचारा दोघांचं ओझं ओढत राहतो, आणि वरून काही दिसत नाही, कारण गाडी एका बाजूला कलतसुद्धा नाही. आतला मात्र पोटातल्या पोटात चुरगळत, तापत राहतो. असे टायर पेटतातही, हे तुम्ही सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलंत.

मी विचारलं, मग डॅशबोर्डवर दिवा का लागला नाही? अमेरिकेत १ सप्टेंबर २००७ पासूनच्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. पण त्याच नियमात १०,००० पौंडांपेक्षा जड गाड्या वगळल्यात, आणि मागे जोडचाकं असतील तर हलक्याही. म्हणजे जिथे डोळ्यांनी कळत नाही, नेमका तिथेच दिवा नाही. तुम्ही यावर नुसते खांदे उडवलेत. ज्याचं रोजचं काम टायर बघणं आहे त्याला कायद्याचं फार आश्चर्य वाटत नसावं.

नळ्यांवर मात्र तुमचा राग निघाला. त्या आतून व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतात, म्हणजे टायरची स्वतःची कडी कायमची उघडी, आणि सगळी मदार नळीच्या दोन सांध्यांवर. खाली रबरी व्हॉल्व्ह, वर गरगर फिरणारी लोंबती नळी. तुम्ही सांध्यावर साबणाचं पाणी टाकलंत आणि बारीक बुडबुड्यांची रांग उठली, अगदी शांतपणे, एकामागून एक. मग नळी फिरवून काढलीत. फुस्स झालं आणि बंद. व्हॉल्व्ह ठणठणीत होता! त्यावर बसवलेली सोयच गळत होती. नवरा हसायला लागला तर तुम्ही त्याला गप्प केलंत. "हवा भरून निघायचं नाही. ऐंशीचा टायर चौसष्टच्या खाली चालला असेल तर आधी रिमवरून काढून आतून बघायचा. आमच्या लाइनीत हाच नियम."

पुढचं सगळं ट्रक स्टॉपच्या टायर बेमध्ये, म्हणजे टायर दुरुस्तीच्या जागी, झालं, ते लिहीत नाही. फक्त एवढंच, की टायर उघडल्यावर आतून मूठभर काळी पूड पडली. आतला रबर सोलून निघाला होता. पुढे त्या टायरवर किती मैल उरले होते याचा विचार मी रात्री करत नाही, दिवसाच करते.

पण पाजी, मी हे पत्र टायरसाठी लिहीतच नाहीये.

४१ चा आकडा बघून तुम्ही उठलात, काही न बोलता आपल्या ट्रककडे गेलात आणि ट्रक सुरू केलात. मला वाटलं, चालले. आणि चालले असते तरी मी काय बोलणार होते? पण तुम्ही तो त्रेपन्न फुटी ट्रेलर मुंगीच्या पावलांनी वळवून आमच्या पश्चिमेला, अगदी खेटून आणून उभा केलात. आमची गाडी, मागची चाकं आणि सासूबाईंची खुर्ची, सगळं सावलीत आलं. नवऱ्याने विचारलं तर म्हणालात, "उन्हात हवा खोटी बोलते. सावलीत टायर थंड होऊ दे, मग खरं माप कळेल."

हे खरंच आहे म्हणा. दहा अंश फॅरनहाइटला ८० पौंडांच्या टायरमध्ये दीड-दोन पौंडांचा फरक पडतो, हवा थंड टायरमध्येच मोजायची असते. पण एक्केचाळीस पौंडांच्या टायरला ऊन काय आणि सावली काय! माप तर तुम्ही आधीच घेतलं होतं. ट्रक हलवलात तो एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर ऊन होतं म्हणून. गाडीतला एसी बंद पडला होता आणि ट्रक स्टॉपच्या दुकानात जाऊन बसायला त्या तयार नव्हत्या, "गाडी सोडून मी कुठे जात नाही." आम्ही दोघं फोनच्या मागे. त्यांच्या कपाळावरचा घाम ना सख्ख्या मुलाने पाहिला ना मी. तुम्ही पाहिलात, आणि त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून टायरचं निमित्त केलंत.

त्यातही तुमचा वेळ फुकटचा नव्हता. हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. अमेरिकेत ट्रकवाल्याला कामाला लागल्यापासून चौदा तासांची मुदत, त्यात गाडी चालवायला अकरा. मध्ये जेवायला थांबा नाहीतर कुणाच्या टायरपाशी बसा, चौदा तासांचं घड्याळ चालूच राहतं. आणि डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत ते घड्याळ इलेक्ट्रॉनिक यंत्रात, त्यामुळे वहीत इकडचं तिकडे करायची सोय नाही. तुम्ही निघताना सहज म्हणालात, "आता शायेन काय होत नाही, सिडनीला झोपतो." मी "बरं बरं" म्हटलं. शायेन वायोमिंगमधलं, आणि हे सिडनी नेब्रास्कातलंच, त्याच्या शंभरेक मैल अलीकडचं, हे नंतर नकाशात बघितलं. शंभर मैलांची तुमची मजुरी आमच्या चाकापाशी सांडली होती आणि मी बरं बरं म्हणत होते.

खोटं कशाला बोलू, इथे आपली माणसं भेटतात ती मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळात. सगळे साधारण आमच्यासारखेच, लॅपटॉपवाले. हायवेवर पगडीवाला ट्रकचालक दिसला तर मुलांना "बघ, सरदारजी" म्हणून दाखवायचं आणि पुढे जायचं. आय-८० वर तुमच्यासारखे कितीतरी पंजाबी चालक दिवसरात्र धावतात, आमच्या घरात येणारा तांदूळसुद्धा त्यांच्यापैकी कुणीतरी वाहिलेला असेल, पण ओळख म्हणाल तर शून्य. सासूबाईंना मात्र दहा मिनिटांत सगळं ठाऊक झालं. तुमच्या वडिलांचा कळंबोलीतला पहिला ट्रक, न्हावाशेव्याच्या रांगेत काढलेल्या रात्री, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला नर्सिंगला जायचंय. मी तुमच्याशी तेवढ्या वेळात बोलले ते फक्त टायरबद्दल.

चांगुलपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा काहीतरी भव्य डोळ्यांसमोर असतं. मला आता वाटतं, त्याला मुख्यतः नजर लागते. ज्यांना पैसे दिले होते ते गाडीभोवती फिरूनही त्यांना नळी दिसली नाही. तुम्हाला चालता चालता ऊन दिसलं. आयोवातल्या त्या माणसाला वाईट म्हणवत नाही मला, त्याला बहुधा पाच वाजता घरी जायचं असेल. पण मग ८० लिहू नये ना बाबा. कोरी जागा सोड.

पैसे तुम्ही घेणार नव्हतातच. सासूबाईंनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि चार दशम्या बांधून दिल्या, त्या मात्र दोन्ही हातांनी घेतल्यात आणि त्यांच्या पाया पडलात. नंतर त्या फार बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "हे असते तर त्याला सोडला नसता, वर्कशॉपात नेऊन चहा पाजला असता."

आता इकडची खबर. स्टेपनीने बाकीचा प्रवास नीट झाला. तुम्ही दोन्ही टायरांच्या डोक्यावर फळी ठेवून उंची सारखी आहे ना बघितलं होतंत, तेही मी आता शिकले. घरी आल्यावर चारही मागच्या चाकांना एकसंध धातूचे लांब व्हॉल्व्ह बसवून घेतले, मधे सांधा नाही, पिन टोकाला. शोभेच्या थाळ्या गॅरेजमध्ये गेल्या, नवऱ्याला थोडं वाईट वाटलं. दोन तोंडांचा गेज घेतलाय. निघण्याआधी सकाळी ऊन पडायच्या आत मीच मोजते, तो वहीत लिहितो, आणि सासूबाई खिडकीतून "आतला बघितला का?" विचारतात.

कळंबोलीत कुणी यांना ओळखत असेल तर हे पोचवा. उंच, दाढी अर्धी पांढरी, निळा ट्रक, मराठी अस्सल पनवेलकडचं.

पाजी, शिकागोच्या बाजूला माल आला तर ट्रक कुठे लावायचा ते नवऱ्याने शोधून ठेवलंय, आमच्या घरापासून दोन मैलांवर. न्यायला तो येईल.

आपली,
मोटरहोमवाली वहिनी

ता.क. सासूबाई विचारतायत, मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला का?