अण्णा, आता खाली उतरायचे नाही

वाळूज, दि. ३ मे

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला घेतले असते, तर अण्णांनी दुसऱ्याच वाक्याला "बघू पुढे" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता आणि आईने "जेवलीस का" एवढे विचारून विषय मिटवला असता; म्हणून पत्र लिहिते आहे. आपल्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बसवायचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, म्हणजे दांडी ओढली की पंपाचे तेल दाबाने पाइपमधून जॅककडे सोडणारी तोटी, मी घेतला आहे; त्या जॅकने ट्रॉली आपोआप उचलली जाईल. पैसे भरून झाले आहेत आणि येत्या गुरुवारी मिस्त्री सामान घेऊन घरी येतील. न विचारता ठरवले, हे मला मान्य आहे. रागवायचे असेल तर पत्र शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

खरे तर चूक तीन वर्षांपूर्वीची आणि माझीच आहे. ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याने "मागे पाइपची सोय करून देऊ का" असे विचारले, तेव्हा "बागेत रोटा आणि ब्लोअर तेवढाच चालणार आहे, उगाच खर्च कशाला" असे मीच बोलले होते. फवारणीचा ब्लोअर पीटीओवर, म्हणजे इंजिनच्या जोरावर मागे फिरणाऱ्या दांड्यावर चालतो, मशागतीच्या रोटाला पीटीओ आणि अवजार उचलणारी लिफ्ट पुरते, तेव्हा त्या दिवसाच्या हिशेबाने मी बरोबर होते. पण पुढे ट्रॉली आली, सपाटीकरणाची पाटी आली, आणि मोसंबीच्या ओळींमध्ये शेणखताची प्रत्येक खेप तुम्ही फावड्याने उतरवू लागलात. दिवाळीला आले होते, तेव्हा न्हाणीपाशी बंडी काढताना तुमचा उजवा हात कानाच्या वर जाईना; तुम्ही भिंतीकडे तोंड केलेत आणि डाव्या हाताने बंडी डोक्यावरून ओढून काढलीत. मी चुलीपाशी लाकडे सारत होते, पण मला दिसले.

आता तुमचे म्हणणे, की एकच पाइप पुरे, ट्रॉलीला आणखी काय लागते. ट्रॉलीपुरते ते अगदी खरे आहे. ट्रॉलीचा जॅक तेलाने वर जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो, म्हणून त्याला सिंगल ॲक्टिंग व्हॉल्व्ह चालतो आणि तो स्वस्तही पडतो. पण विहिरीकडच्या उतारावर पाटी मारताना तुम्ही किती वेळा खाली उतरून टॉप लिंक, म्हणजे पाटीचा कल बदलणारा वरचा दांडा, हाताने फिरवता, ते मी होळीच्या सुट्टीत मोजले: एका सकाळी अकरा वेळा. टॉप लिंकच्या जागी जॅक बसवायचा, तर त्याला तेलाने लांबही करावे लागते आणि आखूडही करावे लागते, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाब लागतो. ते काम डबल ॲक्टिंगशिवाय होत नाही. म्हणून मी दोन दांड्यांचा व्हॉल्व्ह घेतला आहे, दोन्ही डबल ॲक्टिंग; एक ट्रॉलीसाठी, एक टॉप लिंकसाठी. दुकानदार तीन दांड्यांचा गळ्यात मारत होता. तिसऱ्यावर आपण काय चालवणार होतो?

ट्रॉलीच्या दांडीला मी मुद्दाम फ्लोटची सोय असलेला भाग निवडला आहे, आणि यावर जरा जास्त लिहिते, कारण तुमचा हात इथेच चुकेल. डबल ॲक्टिंगवर एका पाइपचा जॅक जोडला, की दुसरे तोंड बंदच राहते. ट्रॉली उतरवायला दांडी उलट्या बाजूला ओढली, तर पंपाचे तेल त्या बंद तोंडावर आदळते, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळतो आणि तेल विनाकारण तापते. फ्लोटमध्ये दोन्ही तोंडे तेलाच्या टाकीकडे, म्हणजे आपल्या गिअरबॉक्सकडे, मोकळी होतात आणि ट्रॉली आपल्या वजनाने खाली बसते. तेव्हा चढवताना दांडी मागे ओढायची आणि उतरवताना पुढे शेवटच्या खाचेत ढकलायची, एवढेच लक्षात ठेवा. मात्र भरलेली ट्रॉली उचललेली असताना त्या खाचेकडे हात नेऊ नका, ती धाडकन खाली येईल. बाकी सगळीकडे हात सोडला की दांडी स्प्रिंगने मध्ये येते आणि जॅक आहे तिथे थांबतो. दांडी अडकून राहणारा प्रकारही मिळत होता, पण तो हायड्रॉलिक मोटर सतत फिरवायची असेल तर कामाचा. मला तुमचा हात निघाला की सगळे थांबणारे हवे होते.

मिस्त्री बदलल्याचेही सांगते. आधी ज्यांना विचारले होते, ते म्हणाले, "पंपाचा पाइप व्हॉल्व्हमध्ये, व्हॉल्व्हचा पाइप लिफ्टमध्ये, झाले काम." तसे होत नाही. आपल्या ट्रॅक्टरचे तेल सारखे फिरत असते. ते आधी व्हॉल्व्हमध्ये येणार आणि तिथून पुढे लिफ्टला जाणार. त्यासाठी व्हॉल्व्हला पॉवर बियाँड म्हणतात ते वेगळे तोंड लागते, आणि जॅकमधून परतणाऱ्या तेलाला थेट टाकीत जाणारा तिसरा पाइप लागतो. तो तिसरा पाइप वाचवला, तर लिफ्ट उचलताना तिचा सगळा दाब व्हॉल्व्हच्या ज्या बाजूवर येतो, ती बाजू दाबासाठी बनवलेलीच नसते, आणि सील फुटतो. मी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवले, तर ते तुमच्या जावयांकडे बघून बोलू लागले. मग मी दुसरे मिस्त्री शोधले. गुरुवारी पाइप तीन आहेत की नाहीत, एवढे तुम्ही स्वतः मोजा.

पंप कमी पडेल ही तुमची शंकाही मी काढून टाकली आहे. जॅकचा आतला व्यास ६० मिलिमीटर आणि दांडा ६० सेंटिमीटर बाहेर येणारा, म्हणजे त्यात सुमारे १.७ लिटर तेल मावते. पंप पूर्ण रेसवर मिनिटाला २० लिटर देतो, म्हणजे ट्रॉली पाच-सहा सेकंदांत वर. निम्म्या रेसवर दहा-बारा. तुम्ही निम्म्याच रेसवर करा. तेवढे तेल गिअरबॉक्समधूनच जाणार असल्यामुळे तेलाची पातळी नेहमी ट्रॉली खाली असताना बघायची. ट्रॉलीची दांडी ओढून धरली असेल तेव्हा लिफ्ट वर येणार नाही, कारण तेल आधी व्हॉल्व्हला मिळते. तो बिघाड नाही, त्यासाठी रात्री दहाला मला फोन करू नका. केलात तरी चालेल म्हणा.

दांड्या सीटच्या उजव्या हाताला, मडगार्डच्या आत, कोपराच्या खाली येतील. होळीला तुम्ही ट्रॅक्टरवर बसून चहा पीत होतात आणि मी टेप घेऊन मागे-पुढे करत होते, ते यासाठीच. खांदा उचलावा लागणार नाही, मनगटाने काम होईल. सीटवरची गादीही नवी पाठवते आहे. जुनी आईने पोत्याची शिवलेली आहे, ती टाकू नका, बाजेवर ठेवा.

अण्णा, बैलगाडीच्या दिवसांत शेणखताची गाडी उलाळायच्या आधी तुम्ही मला उचलून बांधावर उभे करायचात आणि "बेबी, पाय हलवायचा नाही" म्हणायचात. मग जोडी सोडून धुरा खांद्यावर घ्यायचात आणि सगळी गाडी मागे बसायची. मला वाटायचे, एवढी मोठी गाडी उलटी करणारे माणूस जगात एकच आहे. त्याच खांद्याने आता फावडे मारायचे नाही, एवढे माझे ऐका.

आई, आता तुझ्यासाठी. ट्रॉलीचा फाळका काढायला तू मागे उभी राहतेस. ते आजपासून बंद. खिळा गड्याने काढायचा, बाजूला सरकायचे, मगच अण्णांनी दांडी ओढायची. उचललेल्या ट्रॉलीखाली कोणीही जायचे नाही, मांजर गेले तरी. व्हॉल्व्हमधून तेल थोडे थोडे झिरपतच असते, म्हणून खाली काम असेल तर आधी लोखंडी टेकू. पाइपमधून तेलाची बारीक चिळकांडी दिसली, तर बोट लावून भोक शोधायचे नाही, पुठ्ठा धरून बघायचे. ते तेल सुईसारखे कातडीत शिरते, वरून टोचल्याएवढेच दिसते आणि आत हात सडतो. तसे काही झाले, तर हळद लावून घरी बसू नका, त्याच घडीला जालन्याला मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहिले नाही. तुम्ही दोघे दुखणे लपवता, म्हणून लिहिले.

कपलरवरची, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडांवरची, टोपणे हरवू नका. आपल्या काळ्या मातीचा फुफाटा आत गेला, तर व्हॉल्व्ह घासून जाईल. आईने जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले तुकडे डब्यात घालून सीटखाली ठेवावेत आणि अण्णांनी जोडण्याआधी दोन्ही तोंडे पुसावीत. पाइप काढताना इंजिन बंद करून दांडी दोन-तीनदा मागे-पुढे करायची, म्हणजे दाब उतरतो. दाब राहिलेला पाइप मेच्या उन्हात पडला, की आतले तेल फुगते आणि कपलर पुन्हा बसत नाही. तेव्हा त्यावर हातोडी घालायची नाही, पाइप सावलीत ठेवून वाट बघायची. हातोडी मी आल्यावर लपवणारच आहे.

व्हॉल्व्ह केवढ्याला पडला, ते विचारू नका. मृगाच्या आधी खत टाकून व्हायचे आहे, म्हणून गुरुवार ठरवला. पहिली खेप निम्मीच भरा, सपाट जागी उलाळून बघा आणि कुठल्या जोडावर तेल दिसते का, ते इंजिन बंद करून पुठ्ठ्याने तपासा. मिस्त्रींना उन्हाचे परत पाठवू नका. आई, पिठलं-भाकरी आणि ताक पुरे, तू पुरणाचा घाट घालू नकोस. संध्याकाळी मला फोन करा, आणि अण्णा, तो तुम्ही करा, आईकडे देऊ नका.

तुमची,
बेबी