जर्सी सिटीहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा विषय काढायला गेले आणि आईच्या गुडघ्यांवर बोलून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे. मी इथलं, अमेरिकेचं, नागरिकत्व घेते आहे. मुलाखत झाली, पुढच्या महिन्यात शपथ.

बाबा, "तिथे तुझं कोण आहे?" हा तुमचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. शनिवारी तो घेऊनच हडसनकाठच्या जुन्या रेल्वे टर्मिनसात जाऊन बसले. १८८९ची इमारत, १९६७पासून गाडी नाही. फलाटांच्या मधे रान माजलंय. तुम्ही असतात तर एकेका खांबापाशी थांबला असतात. समोर पाण्यात एलिस बेट. १८९२ ते १९५४ या काळात सव्वा कोटीच्या आसपास माणसं त्या बेटावरून या देशात आली: इटलीची, पोलंडची, रशियातून जीव वाचवून निघालेले ज्यू. त्यांतली कितीतरी बोटीने या टर्मिनसात येऊन पुढची गाडी धरायची.

बेटावर ती सामान घेऊन जिना चढत असताना डॉक्टर वरून बघत. कुणी लंगडलं, धापलं की कोटावर खडूने एक अक्षर. मग वेगळी तपासणी, आणि काहींना आल्या बोटीने परत. आई, तुझा गुडघा आठवला. अशा वेळी मी तुला सोडून पुढे गेले असते का, या विचाराने तिथे बसवेना.

त्याआधी हा किनारा लेनापी लोकांचा होता. डच आले, स्वीडिश आले, १६६४ साली इंग्रजांनी घेतला आणि इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचं नाव दिलं. लेनापींना हटवत हटवत पार ओक्लाहोमापर्यंत नेलं. हॅकेनसॅक, रॅरिटन ही नावं मात्र त्यांचीच राहिली. रोज गाडीत ती ऐकते. बाबा, नवगावच्या किनाऱ्यावर तुम्ही आम्हाला बेने इस्रायलींची गोष्ट सांगायचात. गलबत फुटून आलेली माणसं तेल गाळायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून शनवार तेली झाली, आणि पेणकर, रोहेकर अशी आपल्याच गावांची आडनावं लावू लागली. त्यांना तुम्ही कधी परकं म्हटलं नाहीत.

आई, तू दर वेळी टिकलीचं विचारतेस. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. १९८७ साली याच शहरात एका टोळीने भारतीयांना हाकलून लावू अशी धमकी दिली होती. टोळीचं नावच टिकलीवरून होतं. शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या पारशी तरुणाला इतकं मारलं की तो वाचला नाही. लोक घाबरले, मोर्चे काढले, पण हलले नाहीत. आज नेवार्क अव्हेन्यूवर किराणा, मिठाई, साड्या, सगळं मिळतं, आणि मी टिकली लावून जाते. ते त्या वेळी टिकून राहिले म्हणून. त्यांचं माझ्यावर ऋण आहे, असं मला खरोखर वाटतं.

भारताचा पासपोर्ट मात्र सोडावा लागेल. हे लिहिताना हात थांबला. रद्दचा शिक्का मारून तो परत देतात. दिवाळीत अलिबागला आणीन. बाबा, तुमच्या कागदांच्या पेटीत त्याला जागा करून ठेवा.

तुमची,
मनू