सिकलसेलचं रजिस्टर आणि एक सोयरीक

प्रिय शकू,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. कापूस संपत आला की इकडे लग्नाच्या बोलण्या सुरू होतात, त्यात मार्चअखेरचे अहवाल, मग लिहायला बसणं होत नाही. पण तू विचारलेलं डोक्यात होतं. स्वायत्तता, हित, अहित न करणं, न्याय ही नीतीची चार तत्त्वं तुझ्या नर्सिंगच्या वर्गातल्या पोरी घडाघडा म्हणतात आणि वर विचारतात, 'मॅडम, खऱ्या कामात याच्यावाचून कधी अडतं का?' अडतं की. आमच्याकडे ते लग्नाच्या मुलाच्या मामाच्या रूपाने येतं.

लसीकरणाच्या दिवशी तो माझ्या आरोग्य उपकेंद्रात आला होता. बाया-लेकरांची गर्दी ओसरेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिला, मग आत येऊन हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या गावची पोरगी पाह्यली आमी. बाकी समदं जमलं हाय. तेवढं सिकलसेलचं काय निंगालं ते सांगून द्या, म्हंजे साक्षगंध उरकून टाकतो."

कोणाचाच रिपोर्ट मी दुसऱ्याला सांगत नाही, असं म्हटलं. तर लगेच, "म्हंजे हाय तर!" गप्प राहिलं तरी लोक अर्थ काढतात, शकू. म्हणून रिपोर्ट अगदी निर्धोक असला तरी मी सगळ्यांना हेच एक वाक्य ऐकवते. त्याला म्हटलं, उद्या कोणी तुमच्या भाच्याचा विचारला तरी हेच सांगीन. तो हसला. "पोराचं कोन इचारते, बाई?"

इथेच माझं डोकं फिरतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, तो आई-बाप दोघांकडून यावा लागतो. एकाच बाजूने आला तर माणूस वाहक, एएस. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्हीकडून आला तर एसएस: रक्त कमी, डोळे पिवळे, थंडी पडली किंवा अंगातलं पाणी कमी झालं की हाडं-सांधे फुटल्यासारख्या कळा. दोन्ही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० आणि दोन्हींतून सुटण्याची २५. म्हणजे बाळाला आजार होईल का, हे नुसत्या मुलीच्या रिपोर्टवरून ठरत नाही. पण सोयरीक मोडते ती तिची, आणि 'पोरीत दोष हाय' हे आठवडी बाजारापर्यंत पोचतं.

ही पोरगी वाहक आहे. तिची सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेलची पहिली चाचणी, मीच केली होती. बोटातलं थोडंसं रक्त नळीतल्या द्रावणात, आणि नळीच्या मागे छापील रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक. हिची नळी गढूळ होत गेली आणि रेघा दिसेनाशा झाल्या. ती माझ्या बाजूला उभी राहून त्याच कागदाकडे टक लावून पाहत होती. या तपासणीत एएस की एसएस हे कळत नाही, म्हणून नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीला, पाठवला. एएस आलं. मी नीट समजावून कार्ड दिलं. तिच्या आईने ते ज्वारीच्या कोठीत दडवलं.

मुलाचं गावही माझ्याच उपकेंद्रात येतं. त्या संध्याकाळी रजिस्टर उघडलं. (उघडावं का, हाही एक प्रश्न वर्गात टाक. वाहकांचा पाठपुरावा माझं कामच आहे, म्हणून मी उघडलं. नुसतं कुतूहल असतं तर नसतं उघडलं.) मुलगाही एएस. एका गावचं एक पान, दुसऱ्या गावचं दुसरं, आणि दोन्ही एकत्र माहीत असलेली मी एकटी.

वरच्या एका साहेबांना नावं न घेता विचारलं. ते म्हणाले, "सांगून टाका सिस्टर. लग्न मोडलं तर एक केस वाचली, २०४७ चं टार्गेट आहे." २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं ते राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं तेव्हा ठरलं. काम चांगलंच आहे, मी त्यात जीव ओतते. पण माझ्या तोंडून एक सोयरीक मोडली की पुढच्या शिबिरात आया पोरींना घरीच ठेवतील.

आमच्या आशाताईने मधला रस्ता काढला: पोरीच्या कानात एवढंच सांगा, 'पोराचा रिपोर्ट माग.' ऐकायला किती निरुपद्रवी! पण गावातल्या सगळ्या पोरींना ते सांगणं वेगळं आणि नेमकं हिलाच, याच आठवड्यात, हळू आवाजात सांगणं वेगळं. ते त्याचा रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखंच झालं असतं.

गप्प बसणंही सोपं नव्हतं. एसएस लेकराचे गुडघे रात्रभर शेकत बसलेली आई मी पाहिली आहे. आपण नर्स होताना हातात दिवा धरून घेतलेली ती १८९३ ची नाइटिंगेल शपथ आठवते ना? रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या गोष्टी गुप्त ठेवीन. दोन कुटुंबं समोरासमोर आली की काय करायचं, ते त्यात नाही.

शेवटी आधी मुलाकडे गेले. लग्नाआधी वाहकाशी बोलायचंच असतं, त्यामुळे निमित्त काढावं लागलं नाही. फक्त त्याच्याच रिपोर्टबद्दल बोलले: याचा अर्थ काय, जोडीदाराचा रिपोर्ट आधी माहीत असणं का गरजेचं. पोरगा हुशार. "तिचं काय हाय?" ते तिला विचार, म्हटलं. बराच वेळ तो चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "माह्यं तिले तुमीच सांगा. मले नाही सांगता येनार." लिहून दे म्हटलं, तर वहीचं पान फाडून लिहून दिलं. मग तिच्याकडे गेले. तिच्याशीही तसंच, तिच्यापुरतंच बोलले. तीही आपला रिपोर्ट त्याला सांगायला तयार झाली.

दोघांना उपकेंद्रात समोर बसवलं आणि जुन्या टॅली शीटच्या पाठीमागे बाळाच्या चार शक्यतांचे चार गोल काढून दाखवले. सगळे रस्ते सांगितले: लग्न न करणं; करून मूल दत्तक घेणं; किंवा दिवस राहिले की १० ते १२ आठवड्यांत नागपूरसारख्या ठिकाणी गर्भाची तपासणी, आणि पुढचा निर्णय कायद्याच्या मुदतीत त्यांचा. यातलं चांगलं कोणतं, ते मी सांगितलं नाही. तिने एकच विचारलं, "आन् मी नाही म्हटलं तर नाव कोनाचं खराब होईन?" मला खोटं बोलवेना. तुझंच, म्हटलं. मुलगा खाली मान घालून बसला होता.

लग्न ठरलंय. दोघांचं मिळून काय आहे, ते मोठ्यांना माहीत नाही. साहेबांच्या हिशेबात ही केस गेली. माझ्या हिशेबात नाही गेली, कारण आता ती दोघं सगळं जाणून आहेत. पण साक्षगंधाची साडी घरात आलेली असताना त्या पोरीचा होकार तिचा स्वतःचा किती आणि घराचा किती, हे मला अजून कळत नाही. स्वायत्तता शिकवताना ती साडीही वर्गात ने. मामा परवा पुन्हा भेटला, "शेवटी काय निंगालं होतं?" त्याला तेच वाक्य ऐकवलं.

वर्गात सांगताना गाव, तालुका काही नको. तुला लिहितानाही मी दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत.

आणि तुझ्या पोरींना पुढचं विचार. उद्या तिला दिवस राहिले, दहावा आठवडा उलटला आणि ती आली नाही, तर घरी गरोदरपणाच्या नोंदणीला मी जाणारच. दारात सासू असेल. "नागपूरले काहून नेता?" असं तिने विचारलं तर काय सांगू? उत्तरं मला खरंच हवीत. लग्न वैशाखात आहे, तोवर कळव.

काकूंना नमस्कार.

तुझी,
माई