पंचांनी कारण सांगावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरमधील मैदानी स्पर्धांत निकाल मनाविरुद्ध गेला की ‘पंच फोडले’ अशी ओरड होते आणि आयोजक ‘पंचांचा निर्णय अंतिम’ एवढे बोलून मोकळे होतात. अनेक वर्षे कबड्डीच्या मैदानावर शिट्टी सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, निर्णय अंतिम असणे वेगळे आणि त्याचे कारण न सांगणे वेगळे. पक्षपाताचे बहुतेक आरोप या न सांगण्यातूनच जन्माला येतात.

गेल्या हिवाळ्यातील एका सामन्यात चढाईपटूने एक पाय हवेत ठेवून दुसरा बोनस रेषेपलीकडे अगदी स्वच्छ टाकला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पण गुण मिळाला नाही. कारण साधे होते. बोनससाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात आणि त्या वेळी पाचच होते. सरपंचांनी, म्हणजे मैदानावरच्या मुख्य पंचांनी, हाताने नकाराची खूण केली आणि खेळ पुढे सुरू केला. इकडे मात्र गुणलेखकाच्या टेबलाभोवती गर्दी जमली, ‘किती पैसे मिळाले?’ असे प्रश्न सुरू झाले आणि सामना बराच वेळ थांबवावा लागला. ‘बचावपटू पाचच, बोनस नाही’ एवढे ध्वनिक्षेपकावरून सांगितले असते, तर निम्मी गर्दी जागची हलली नसती. ध्वनिक्षेपक तेव्हा देणगीदारांची नावे वाचण्यात गुंतला होता!

मोठ्या स्पर्धांतही आरोप चुकत नाहीत. फरक पडतो तो त्यांना दिलेल्या उत्तरात. मार्च २०२३ मध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली आणि सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा व तीन दोषगुण दिले, तेव्हा शहरात बरीच चिडचिड झाली. बीसीसीआयने रीतसर अपील केले. आयसीसीच्या दोन सदस्यांनी सामन्याचे चित्रण पाहिले, सामनाधिकाऱ्यांनी ठरलेली पद्धत पाळली होती हेही नोंदवले, आणि तरीही ‘निकृष्ट’ ठरवण्याइतकी असमान उसळी नव्हती असे कारण देऊन शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ व दोषगुण एक असा बदलला. ब्रॉड यांच्या हेतूविषयी कोणाला बोलावे लागले नाही आणि तक्रारीची दादही लागली.

याउलट उदाहरण जानेवारी २००८ च्या भारत-ऑस्ट्रेलिया सिडनी कसोटीचे. पंच स्टीव्ह बकनर यांच्या चुका खऱ्या होत्या, भारतीय संघ व चाहत्यांचा संतापही समजण्यासारखा होता; पण पुढच्या पर्थ कसोटीतून त्यांना ज्या घाईने वगळले गेले, त्यातून चूक आणि लबाडी यांतला भेद पुसला गेला आणि आरडाओरडा केला की पंच बदलता येतो, असा समज मात्र पक्का झाला. तो समज आज गल्लीतल्या स्पर्धेपर्यंत उतरला आहे.

संशयाला जागाच उरू नये, यासाठी तटस्थ पंच हा जुना उपाय आहे. १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज मालिकेत पाकिस्तानचे कर्णधार इम्रान खान यांच्या आग्रहाने पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले. २००२ पासून कसोटीतले दोन्ही पंच तटस्थ असू लागले. कोरोनाकाळात ही अट शिथिल झाल्यावर आपल्या इंदूरचे नितीन मेनन २०२१ च्या इंग्लंड मालिकेत मायदेशी उभे राहिले आणि त्यांच्या पंचगिरीची वाखाणणीच झाली. अर्थात त्यांच्या पाठीशी डीआरएस, म्हणजे चित्रण पाहून निर्णय तपासण्याची सोय, होती. आमच्याकडे चुन्याची रेषा आणि दोन डोळे.

शिवाय प्रामाणिक पंचावरही गर्दीचा परिणाम होतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० फुटबॉल पंचांपैकी काहींना एका सामन्याचे चित्रण आवाजासह, काहींना आवाजाविना दाखवले गेले. प्रेक्षकांचा गलका ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. या पंचांना कोणी पैसे चारले नव्हते.

म्हणून आयोजकांना विनंती अशी की, येत्या हंगामात पंचांची नावे व गावे सामन्याआधी जाहीर करावीत, दोन स्थानिक संघ भिडत असतील तेव्हा सरपंच उज्जैन, देवास किंवा धारहून बोलवावेत, आणि वादग्रस्त निर्णयाचे कारण सरपंचांनी लगेच एका वाक्यात ध्वनिक्षेपकावरून सांगावे. तक्रार फक्त कर्णधाराने, लेखी आणि ठरलेल्या मुदतीत करावी. तिचा निकाल कारणासह दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फलकावर लावावा. पंचांनी व्हॉट्सॲपवर खुलासे करत बसू नये, ते काम समितीचे आहे. बाटल्या फेकणाऱ्यांना बाहेर काढण्याचे कामही समितीचेच आहे, शिट्टी तोंडात धरलेल्या माणसाचे नव्हे.

आपला,
एक निवृत्त कबड्डी पंच
रामबाग, इंदूर