रिपीटरसाठी जुने वायरलेस संच घेताना

महोदय,

टॅक्सी कंपन्या आणि कारखान्यांनी मोडीत काढलेले वायरलेस संच स्वस्तात मिळतात, म्हणून हौशी रेडिओच्या (परवाना घेऊन छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या वायरलेसच्या) रिपीटरसाठी, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर आलेला संदेश त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुढे पाठवणाऱ्या केंद्रासाठी, तेच घ्यावेत, असे पुण्यातील अनेक परवानाधारकांचे मत आहे. ते चुकीचे नाही. मात्र संचाच्या मागील पट्टीवर लिहिलेला फ्रिक्वेन्सीचा पल्ला आधी वाचावा. आपल्याकडे हौशींसाठीचा दोन मीटरचा बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच असल्याने १४६ ते १७४ च्या पल्ल्याचा संच, दिसायला कितीही नवा असला तरी, कामाचा नाही.

गाडीतला संच अधूनमधून बोलण्यासाठी बनवलेला असतो, तर रिपीटरचा ट्रान्समीटर आपत्तीच्या वेळी तासन्‌तास तापतो. म्हणून ४५ वॉटचा संच १५-२० वॉटवर चालवून मागे पंखा बसवावा. माझ्या मते वॉटपेक्षा रिसीव्हर महत्त्वाचा. सिंहगडासारख्या प्रक्षेपण मनोऱ्यांच्या ठिकाणी, त्यातही स्वतःचाच ट्रान्समीटर अवघ्या ६०० किलोहर्ट्झ अंतरावर असताना, सुमार रिसीव्हर बहिरा होतो, म्हणजे क्षीण संदेश त्याला ऐकूच येत नाहीत, आणि महागडा डुप्लेक्सरही (एकाच अँटेनावर पाठवणे आणि ऐकणे वेगळे ठेवणारा फिल्टर) त्याला पुरता वाचवू शकत नाही. प्रोग्रामिंगची केबल व सॉफ्टवेअर (काहींना अजून डॉस या जुन्या प्रणालीचा संगणक लागतो!) मिळेल याची खात्री पैसे मोजण्यापूर्वीच करावी, आणि मूळ मालकाची कागदपत्रेही मागून घ्यावीत.

– एक हौशी रेडिओ परवानाधारक, पुणे