आयपीओचा पैसा कोणाकडे जातो, तेही छापा

संपादक महोदय,

मोठा आयपीओ (कंपनीच्या समभागांची पहिली सार्वजनिक विक्री) आला की अर्थपानावर ‘अमुक कंपनी बाजारातून इतके हजार कोटी उभारणार’ असा मथळा हमखास दिसतो. अनेकदा तो चुकीचा असतो. पैसे गोळा होतात, पण ते कंपनीला मिळतातच असे नाही. अर्ज भरण्याआधी छोट्या गुंतवणूकदाराने पहिल्यांदा पाहायची गोष्ट नेमकी हीच आहे.

कंपनीने नवे समभाग काढून विकले, तर पैसा तिच्या खात्यात जातो. त्यातून यंत्रसामग्री येते, कर्ज फिटते, खेळते भांडवल मिळते. ‘ऑफर फॉर सेल’मध्ये मात्र प्रवर्तक किंवा जुने गुंतवणूकदार आपल्याकडचे समभाग विकतात आणि पैसे त्यांनाच मिळतात. मे २०२२ मधला एलआयसीचा सुमारे २०,५०० कोटींचा आयपीओ पूर्णपणे असाच होता. सरकारने आपला साडेतीन टक्के हिस्सा विकला, रक्कम सरकारी तिजोरीत गेली. एलआयसीच्या भांडवलात त्याने भर पडली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचे सुमारे २७,८७० कोटीही दक्षिण कोरियातल्या मूळ कंपनीचे. याउलट जुलै २०२१ मध्ये झोमॅटोच्या ९,३७५ कोटींपैकी तब्बल ९,००० कोटी नव्या समभागांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटीएमच्या १८,३०० कोटींतले ८,३०० कोटी कंपनीसाठी आणि १०,००० कोटी विकणाऱ्यांसाठी होते. या चौघांना एकाच मथळ्यात बसवता येत नाही.

‘ऑफर फॉर सेल’ वाईट, असे मुळीच म्हणायचे नाही. सुरुवातीला जोखीम घेऊन पैसे घालणाऱ्याला बाहेर पडायची वाटच नसेल, तर तो पुढच्या नव्या उद्योगाला हात कशाला देईल? शेअर बाजारातल्या रोजच्या खरेदी-विक्रीचेही तसेच आहे. त्यातला एक रुपयाही कंपनीकडे जात नाही, पण हवे तेव्हा विकता येईल या भरवशावरच लोक नव्या समभागांत पैसे गुंतवतात.

गुंतवणूकदाराचे गणित मात्र दोन्हींत वेगळे. समजा, कंपनीचे १० कोटी समभाग आहेत आणि वर्षाचा नफा ६० कोटी, म्हणजे समभागामागे ६ रुपये. २ कोटी नवे समभाग आले की तोच नफा १२ कोटींत वाटला जातो आणि ५ रुपये उरतात. समभागाची किंमत ३०० रुपये असेल, तर पीई, म्हणजे किंमत भागिले समभागामागचा नफा, ५० नव्हे, ६० झाला. नव्या पैशातून नफा वाढेपर्यंत तो तितकाच राहणार. ‘ऑफर फॉर सेल’मध्ये समभागांची संख्या बदलत नाही, त्यामुळे हा फरकही पडत नाही. जुन्या संख्येवर काढलेला पीई पाहून ‘स्वस्त आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

ही माहिती लपलेली नसते. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर दोन्ही भाग स्वतंत्र दिलेले असतात. पैसा कशासाठी हवा, ते ‘इश्यूची उद्दिष्टे’ या प्रकरणात असते. तिथे ‘सर्वसाधारण व्यावसायिक कारणे’ या मोघम नावाखाली कंपनीला उभारलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच पैसे ठेवता येतात. आकडा त्या मर्यादेला टेकला असेल, तर नेमकी योजना काय, हे शोधावे. नव्या समभागांची रक्कम १०० कोटींहून जास्त असेल, तर तिच्या वापरावर लक्ष ठेवणारी देखरेख संस्था नेमावी लागते. तिचा तिमाही अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो; तो वाचण्याची सवय आपल्याकडे फार कमी आहे.

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल, तर तिला किंमतपट्ट्याची (समभागाच्या किमान आणि कमाल किमतीची) जाहिरात मराठी दैनिकातही द्यावी लागते. त्या जाहिरातीतही ही विभागणी असते. मग ती बातमीत का नसावी?

आपल्याला विनंती आहे की आयपीओच्या प्रत्येक बातमीत नव्या समभागांची रक्कम, विकणारे कोण आणि किती विकणार, पैशाचा मुख्य वापर आणि इश्यूनंतरच्या समभागसंख्येवर काढलेला पीई, एवढे चार तपशील द्यावेत. त्यासाठी जागा हवी असेल, तर ग्रे मार्केट प्रीमियमची, म्हणजे बाजारात येण्याआधीच समभागाला अनौपचारिक व्यवहारात मिळणाऱ्या जादा भावाची, ओळ काढावी. तो व्यवहार शेअर बाजाराबाहेर, बाजार नियामक सेबीच्या नियमनाशिवाय चालतो. त्या आकड्याची जबाबदारी कोणावरच नसते आणि तरी तो पाहूनच अनेकजण अर्ज भरतात.

– एक नियमित वाचक, ठाणे